आरशाचं वाण

"मावशी गो, आई गेली..." रोह्याहून भाचीचा फोन आला, तेव्हा मी पेणच्या घरी पोह्याचे पापड वाळत घालत होते. माझी थोरली बहीण सुमनताई झोपेतच गेली, हृदय बंद पडून. रोह्याला पोचले तर ओटीवर बायका कुजबुजत होत्या, "शेवटी कॅन्सरनं नेलीच." मी तिथंच त्यांना तोडलं. कॅन्सरला ताईनं कितीतरी वर्षांपूर्वी दाराबाहेर काढलं होतं. आता तिच्या मरणाचं श्रेय त्याला कोण देतंय!

आमच्या आईच्या छातीत गाठ होती. "दुखत नाय, मग कशाला दाखवायची?" म्हणत तिनं ती पदराआड ठेवली. दुखू लागली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून अंघोळ करताना ताईच्या हाताला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं, तशी ती भावोजींची धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटायचीही वाट न बघता दवाखान्यात गेली. एक स्तन काढावा लागला. औषधांनी केस गेले, तर म्हणाली, "बरं झालं, तेल वाचलं." त्या रात्री मात्र माझा हात धरून खूप रडली होती...

बरी झाल्यावरच्या संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं आणि विधवांनाही बोलावलं. कुणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाली, "गाठ कपाळ बघून येत नाय." वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक आरसा ठेवला. "यात तोंड बघायचं नाय. महिन्यातून एकदा दार लावून छाती बघायची. गाठ, खळगा, ओढलेली कातडी, काय पण नवीन दिसलं तर डॉक्टरकडं जायचं. सगळ्याच गाठी वाईट नसतात, पण ते डॉक्टर ठरवील, आपण नाय."

"सणासुदीला हे काय बोलणं गो, सुमन?" शेजारच्या काकू लाजून म्हणाल्या.

"मग काय तेराव्याला बोलू?"

काहीजणी आरसा तिथंच ठेवून गेल्या. ताईनं दुसऱ्या दिवशी ते घरोघर नेऊन दिले. काकूंच्या घरी तर स्वतः खिळा ठोकून आली.

माझ्यावर तिची पाळत जास्त. "आईला झाला, मला झाला. तुला नुसत्या आरशावर भागायचं नाय," म्हणायची आणि डॉक्टर सांगतील तेव्हा मला मॅमोग्राफीला घेऊन जायची. यंदा मी एकटी गेले. रिपोर्ट चांगला आला. सवयीनं तिलाच फोन लावायला गेले आणि रस्त्यातच रडू फुटलं.

गेल्या आठवड्यात भाचीनं ताईचं कपाट उघडलं. "मावशी, तुला आईचं काय हवं?" साड्या होत्या, मोत्यांच्या कुड्या होत्या. मी न्हाणीकडं बोट दाखवलं. ताईचा आरसा अजून तिथंच होता, तिच्या उंचीवर.

"तो मला नको," मी म्हणाले. " तिथंच राहू दे. आता तुला लागेल."

पोर उठून न्हाणीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. मी साड्यांच्या घड्या घालत बाहेर बसून राहिले.