घासून चकचकीत केलेली कॉइल

माझ्या धाकट्या भावाचा फोन आला की जयंतीला बेल्लमपल्लीला ये, आणि येताना बारीक वायरचं एक रीळ घेऊन ये. म्हणजे बोलावणं वायरला होतं. तरी गेले, आणि चार दिवस आधी गेले, कारण वायर मागणाऱ्याचं काम कधी एका दिवसात होत नाही.

आदिलाबादेत कापसाच्या मार्केटामागे आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. नवऱ्याचा हात जड होता. जिनिंगच्या मोटारीची जाड तार तो भरायचा, पण बारीक तार त्याच्या हातात तुटायची, म्हणून बारीक काम माझ्याकडे आलं. नवरा गेल्यावर मी दुकान एकटीने चालवलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढे मला कापूस वेचायला पाठवलं आणि भावाला शाळेत ठेवलं. तो शिकून बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून झाला. आता रिटायर होऊन विहाराच्या कमिटीचा सचिव आहे. कमिटीत कोणी त्याच्यापुढे बोलत नाही. घरी बोलतो तो एकटाच.

वायर कशाला हवी होती ते तिथे गेल्यावर कळलं. त्याच्या पडवीत पलंगाएवढी एक मशीन उभी होती. चार लोखंडी पाय, वर तिरपी काच, काचेखाली रंगवलेली फळी. फळीवर टोप्या घातलेल्या गोऱ्या बायका आणि घोडे. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जाते, खांबांना आपटत खाली येते, घंट्या वाजतात, आकडे फिरतात. साहेब लोक तिला पिनबॉल म्हणत, मुलं गोळ्यांची मशीन म्हणत. खाणीच्या साहेबांचा एक क्लब होता. तो बंद झाला तेव्हा तिथलं सामान लोकांनी उचलून नेलं. कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखे. माझ्या भावाने ही आणली.

जयंतीच्या पत्रिकेत त्याने छापून टाकलं होतं की विहाराच्या अंगणात मुलांना विदेशी खेळाची मशीन मोफत खेळायला मिळेल. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मशीन बंद होती.

“बाई, एकच कॉइल जळली,” तो मला म्हणाला. “बाकी सगळं मी करून ठेवलं.”

मी कॉइल मागितली. त्याने रुमालात बांधून ठेवलेली काढून दिली, आणि मी ती उन्हात धरली तेव्हा मला आधी काही समजेचना. एवढी चकचकीत तांब्याची तार मी जन्मात कुठल्या कॉइलीवर पाहिली नव्हती. त्याने ती सगळी उलगडली होती. अंगणातल्या दोन खांबांना ताणून बांधली होती, आणि दोन दिवस बसून सँडपेपरने घासली होती. वरचं तपकिरी काळं सगळं निघेपर्यंत. मग नीट गुंडाळली. भावजय म्हणाली की जेवायलाही उठत नव्हते.

ज्याने कधी कॉइल भरली नाही त्याला सांगते. ती तार उघडी नसतेच. तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो, म्हणून शेजारची तार तिला लागली तरी करंट आपल्या वाटेने, एकेक वेढा फिरून जातो. थर गेला की करंट वेढे सोडून सरळ निघून जातो आणि कॉइल जळते. तेवढ्या थरासाठी आम्ही आयुष्यभर तार नखाने ओढत नव्हतो, हातात अंगठी घालत नव्हतो. आणि ह्याने भांडं घासावं तशी घासली.

मी म्हटलं, “बापू, तो मळ नव्हता. कपडा होता तिचा. तू तिले नागडी करून परत गुंडाळली.”

“हीटरची कॉइल तं उघडीच रायते,” तो म्हणाला.

तेव्हा मला त्याच्या डोक्यात काय होतं ते दिसलं. खाणीच्या क्वार्टरांत करंट फुकट. तिथे घरोघरी स्वयंपाक हीटरवर होतो. मातीच्या गोल चकतीत खाच, खाचेत उघडी स्प्रिंगसारखी तार, ती लाल होते. ती महिना-दोन महिन्यांत तुटते. मग घरातला कोणीही दोन टोकं ओढतो, पीळ देतो, खाचेत बसवतो, की वरण पुन्हा उकळायला लागतं. तिथल्या बायका हे काम कणीक भिजवता भिजवता करतात. त्या गावात कॉइल म्हणजे ती. माझ्या दुकानात कॉइल म्हणजे दुसरी. शब्द एकच, आणि भावाने चाळीस वर्षं जी कॉइल पाहिली तिचाच इलाज हिला केला.

“ते कॉइल तापायसाठी असते,” मी म्हटलं. “हे लोखंड ओढायसाठी असते.”

त्याने ऐकलं नाही. ऐकायची सवय गेली आहे त्याची.

पडवीत बसून मी कॉइल नवीन भरली. डोळ्याला आता बारीक तार दिसत नाही, पण बोटाला कळते. संध्याकाळी ती बसवायला काच काढली, फळी उचलली आणि खाली पाहिलं. आधी वास आला. उंदराचं मूत, जळकं वार्निश आणि खोबरेल तेल, तिन्ही एकत्र.

मी पन्नास वर्षं लोकांनी बिघडवलेलं उघडून पाहिलं आहे. विहिरीतली मोटार चिखलासकट पाहिली, आत साप मेलेली पाहिली. पण ती बिघडलेली होती. ही दुरुस्त केलेली होती.

फ्यूजच्या जागी खिळा होता. खिळ्याखाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती, म्हणजे क्लबच्या काळातल्या कोणीतरी आधी चांदी लावली आणि माझ्या भावाला ती कमी वाटली. तारांचे सांधे नुसते पिळलेले, कथलाची झाळ कुठेच नाही, आणि वरून काळ्या पट्टीऐवजी दवाखान्याची पांढरी पट्टी, जखमेवर लावतात ती. खाणीच्या दवाखान्यात तीही फुकट. उकाड्याने आणि वर्षांनी तिचा गोंद वितळून तारांवर ओघळला होता आणि त्याला कापसाचा भुगा चिकटला होता. गोळी उडावी म्हणून खांबांना रबर असतं, तिथे सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. एका खांबाला कोणाच्या तरी वेणीचं रबर, त्यात दोन केससुद्धा. जिथे दोन पत्र्या एकमेकींना टेकल्या की घंटा वाजते, तिथे त्या टेकत नव्हत्या म्हणून खाली बसच्या तिकिटाची घडी सारली होती. आणि सगळ्या पत्र्यांना खोबरेल. गंज धरू नये म्हणून, असं भाऊ म्हणाला. डोक्याला लावायचं तेल त्याने घंट्यांना लावलं होतं.

गोळी मारायचं एक पातं ढिलं होतं. ते त्याने खालून लांब स्क्रू मारून आवळलं. स्क्रू फळीच्या पार गेला आणि वर एका गोऱ्या बाईच्या गालातून टोक बाहेर आलं. मग त्या टोकावर नळाला लावतात ती लांबीची पुटी थापली. बाईला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं. भावजय बाजूला उभी होती, ती म्हणाली की आमचे हे म्हणाले होते त्यावर गुलाबी रंग मारू. तिला हसू येत होतं. मला आलं नाही.

मला किळस आली. घाण मी हाताने काढते, घाणीची नाही आली. किळस ह्याची की प्रत्येकाने आपलं काम तेवढं चालवून घेतलं आणि मागून येणाऱ्यासाठी झाकून ठेवलं. ज्याला येत नाही त्याने हात लावू नये असं मी म्हणत नाही. मलाही कोणी शाळेत शिकवलं नाही. पण येत नसलं की माणूस दबकतो, विचारतो. इथे कोणी दबकलेलं दिसत नव्हतं.

दोन दिवस मी त्यात घातले. तेल पुसलं, तिकीट काढलं, जमतील तेवढे सांधे झाळले, खिळा काढून फ्यूज घातला. सगळं होणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी भावाने बटण दाबलं, दिवे लागले, आणि त्याने दांडा ओढला. घंट्या वाजल्या. शेजारचे चार लोक कुंपणावरून पाहत होते, ते वा वा म्हणाले. भाऊ माझ्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहून म्हणाला की जुनं सामान मजबूत असतं, फक्त समज पाहिजे.

मशीनच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आहेत. खेळणारा त्याच धरून उभा राहतो. मी टेस्टर काढला आणि पट्टीला लावला. त्यातला दिवा लागला. मशीनच्या पायाला लावला, तिथेही लागला. बटण बंद करायला मी त्याला सांगेपर्यंत त्याने स्वतःच येऊन प्लग काढला, फिरवला आणि पुन्हा घातला.

“उलटा लागला होता,” तो म्हणाला. “लाल टिकली वर पायजे.”

प्लगच्या एका बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. भावजय म्हणाली की माझी अख्खी बाटली संपवली, घरातल्या सगळ्या प्लगांना लावली.

मी प्लग उघडला. मशीनमधून तीन वायरी येत होत्या. दोन करंटच्या, एक येणारी एक जाणारी. तिसरी मशीनच्या लोखंडाला जोडलेली, ती जमिनीत जायला पाहिजे, म्हणजे आत काही बिघडलं तर करंट माणसाला न लागता जमिनीत जाईल. त्याच्याकडे प्लग दोन पायांचा. तिसरी वायर उरली. उरली म्हणून त्याने ती दोनांपैकी एकीला पिळून दिली. आता प्लग एका बाजूने घातला तर काही होत नाही. उलटा घातला तर सगळ्या लोखंडात करंट. आणि हे त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर ठिपका.

भावजयीने मग हळूच सांगितलं की मशीन लावताना हे रबरी चप्पल घालून लाकडी पाटावर उभे राहतात.

मी त्याला विचारलं, विहाराच्या अंगणात चप्पल कुठे काढतात. फाटकाशी काढतात. एप्रिलचं ऊन, म्हणून सकाळपासून अंगणात पाणी शिंपडतात. ओल्या फरशीवर अनवाणी पोरं रांगेत उभी राहणार, आणि पुढच्याचे दोन्ही हात लोखंडावर. मांडववाल्याचा कोणीतरी माईकचा प्लग लावायला हा काढणार आणि पुन्हा घालणार. त्याला टिकली कोण सांगणार आहे?

भाऊ म्हणाला की तो स्वतः प्लगापाशी उभा राहील. मी म्हटलं, सचिव प्लगापाशी उभा राहिला तर स्टेजवर कोण बसेल. मग म्हणाला की आधीही घरी पोरं खेळली, थोड्या झिणझिण्या आल्या, कोणी मेलं नाही. मी म्हटलं की तीन पायांचा प्लग आण, विहारात जमिनीत गेलेली वायर आहे का दाखव, आतली सगळी तार बदलू दे, मला पंधरा दिवस दे. जयंती दुसऱ्या दिवशी होती. पत्रिका गावभर गेली होती. तो म्हणाला,

“चौथी शिकलेल्या बाईनं मले करंट शिकवू नये.”

“नको शिकू,” मी म्हटलं.

मी पिशवीतली पक्कड काढली आणि मशीनच्या मागे, वायर जिथून बाहेर येते तिथे, लाकडाला लावून कापली. जोडायला बोटभरही ठेवली नाही. वायर प्लगासकट गुंडाळून पिशवीत टाकली. तो उठून आत गेला. रात्री जेवायला बसला नाही. भावजयीने मला वाढलं आणि म्हणाली, बरं केलं ताई, पण मोठ्याने म्हणाली नाही.

जयंतीला मशीन विहारात गेलीच, कारण पत्रिकेत होती. दिवे नाहीत, घंट्या नाहीत. दांडा ओढायला करंट लागत नाही, स्प्रिंग आहे, त्यामुळे गोळी वर जायची आणि आपटत खाली यायची. पोरं अनवाणी, ओल्या फरशीवर, दोन्ही हातांनी पट्ट्या धरून वाकली होती. मी खुर्ची घेऊन बाजूला बसले. अर्ध्या तासात त्यांना कंटाळा आला आणि ती सरबताकडे गेली. एका बाईने भावाला विचारलं की विदेशी मशीन ती हीच का. तो म्हणाला, चालू होती, आमच्या बहिणीने बंद पाडली. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला काय दाखवणार? कोणाला काही झालं नव्हतं. काही झालं नाही म्हणजे काय होणार होतं ते कोणाला दिसत नाही, आणि दाखवण्यासाठी कोणाचं पोर करंटला चिकटायची वाट मी पाहणार नव्हते.

भाऊ अजून सरळ बोलत नाही. भावजय फोन करते. तो लोकांना तेच सांगतो, बहिणीने चालू मशीन बंद पाडली. सांगू दे. मागच्या आठवड्यात त्याने तिच्याकरवी निरोप पाठवला की माझी वायर परत दे. मी त्या वायरचे हातभर हातभर तुकडे केले, प्लग हातोडीने फोडला आणि सगळं भंगारात टाकलं. तसंच भावजयीला सांगितलं.