डाव्या डोळ्याचं राहिलेलं काम

बसलिंगाप्पांनी शिवाजी पेठेतल्या आपल्या दुकानात चाळीस वर्षं साड्या विकल्या. आमसुली, श्रीखंडी, गुलबक्षी, कुठला रंग कुणाला हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून ठरवायचे. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी दुकान मल्लेशच्या, म्हणजे मुलाच्या, हवाली केलं आणि रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. घरच्यांना वाटलं, महिनाभर टिकतील.

वर्ग घेणारी स्वप्नाली तिशीच्या आतली. ती तैलरंगात इंप्रेशनिस्ट पद्धतीचं निसर्गचित्र शिकवायची. तिचं सांगणं सरळ होतं. झाड काढायचं नाही, झाडावर पडलेला उजेड काढायचा. रंग घोटत बसायचं नाही, फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे. आणि सावलीला काळा लावायचा नाही.

"आप्पा, ती झाडाखालची सावली बघा. जांभळी हाय का न्हाय?"

"न्हाय. मातकट हाय."

"नीट बघा की."

"चाळीस वर्षं रंग इकलेत मी, बाई."

दोन वर्षं आप्पांनी मातकट सावल्या काढल्या. तळ्याचं पाणीही चहाच्या रंगाचं झालं. स्वप्नालीनं नाद सोडला, आणि पुढं पुढं तिला त्यात आप्पांची शैली दिसायला लागली. वर्गाच्या प्रदर्शनात लोक त्यांच्या चित्रापुढं थांबून म्हणाले, काय संध्याकाळ पकडलीय. चित्र सकाळी आठचं होतं.

मग जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी निघाली तेव्हा सून सौंदर्या समोर उभी होती.

"साडी नवी हाय काय गं?"

"चार वर्षं झाली. तुमीच दिलती की."

घरी येऊन आप्पा आपल्या चित्रापुढं उभे राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा. डाव्यानं चित्र बरोबर होतं. उजव्यानं बघितलं तर त्यावर कुणीतरी काढा ओतला होता. जेवायला दोनदा हाक मारली तरी ते हलले नाहीत. दुकानातल्या शेवटच्या काही वर्षांत किती बायकांना आपण श्रीखंडी म्हणून पांढरी साडी दिली असेल, ते आठवत होते.

डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यासाठी तारीख दिली. आप्पा म्हणाले, "डावा जरा थांबू दे. त्याचं एक काम राहिलंय."

पाच रविवार ते रंकाळ्यावर एकाच जागी बसले. दोन कॅनव्हास, झाड तेच, वेळ तीच. एकावर काम करताना डाव्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर करताना उजव्यावर. फिरायला आलेले लोक लांबून वळसा घालून जात.

"बाई," शेवटच्या रविवारी आप्पा म्हणाले, "सावली जांभळी हाय."

"मी काय म्हणत होते?"

"तुमी बरोबर होता. पण मी बी खोटं बोललो न्हवतो."

स्वप्नालीनं दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. "न्हाय," ती म्हणाली, "न्हवता."

मार्चमध्ये डावा डोळाही झाला. डाव्या डोळ्यानं काढलेल्या चित्रात पाण्याचा एक कोपरा भरायचा राहून गेला होता. आप्पांनी पॅलेटवर तासभर रंग मिसळून बघितले. तो रंग काही केल्या जमला नाही. मग त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले आणि कोपरा कोराच ठेवून चित्र भिंतीवर लावलं.