फ्रेंच लक्ष्मीचं वजन

सांगलीहून सोलापूरची सकाळची एस.टी. पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत भिंग, लोहचुंबक, माझ्या औषधाच्या दुकानातला छोटा डिजिटल काटा आणि सुती हातमोजे होते. पाण्याची बाटली घरीच राहिली होती. मे महिन्यात सोलापूरला जाताना शहाणी बाई नेमकं उलटं करते. पण मी नाणी जमवते, त्यामुळे माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा घरच्यांनी केव्हाच सोडली आहे.

माझा विषय फ्रेंच वसाहतींची नाणी. त्यातलं पियास्त्र हे फ्रेंचांनी इंडोचायनासाठी, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूला, पाडलेलं चांदीचं मोठं नाणं. ओळखायला सोपं. एका बाजूला बसलेली बाई, तिच्या डोक्याभोवती किरण. दुसऱ्या बाजूला नाण्यानं स्वतःचं वजन स्वतःच लिहून दिलेलं. आमच्या दुकानात येणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने आजवर इतक्या प्रामाणिकपणे वजन सांगितलेलं नाही. बहुतेक पियास्त्रांवर सत्तावीस ग्रॅम असतं. अगदी सुरुवातीच्यांवर २७.२१५. फरक डझनभर मेथीदाण्यांचा, पण जड म्हणून लोकांनी ती नाणी दडवली नाहीतर आटवली. माझ्या अल्बममधला त्यांचा कप्पा कित्येक वर्षं रिकामा होता.

सोलापूरच्या मोरे सरांनी पाठवलेल्या फोटोत तो आकडा स्पष्ट दिसत होता. सर निवृत्त शिक्षक. ‘दुर्मीळ नाणी, करा चांदी’ अशा धर्तीचे व्हिडिओ करतात. नाण्यावर सुंदर काळपट झाक होती. या झाकेसाठी आम्ही संग्राहक जीव टाकतो. शंभर वर्षं कोणी हात न लावल्याची ती खूण, असं आम्ही एकमेकांना सांगतो.

सांगोल्याला एक बाई शेजारी येऊन बसल्या. बाहेर पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या डाळिंबाच्या बागा आणि त्यांच्यामधून धावणारे टँकर.

“कुटं निघाला ताई?”

“सोलापूरला. एक नाणं बघायला.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमी पोरगी बघाया निघालोय. भाच्यासाठी.” मग म्हणाल्या, “नाणं बघाया एवढं लांब? फोटू न्हाय का धाडला?”

“धाडलाय की.”

“मग नीट बघून घ्या. आमाला बी फोटूच धाडलाय.”

सोलापूरच्या स्टँडवर मोरे सर स्कूटर घेऊन उभे होते. पूर्व भागाकडे जाताना त्यांनी मागे वळून वळून माहिती दिली, त्यामुळे दोनदा आम्ही हातगाडीवर जाता जाता राहिलो. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट आणि बोलणं तेलुगूत. नाण्याचे मालक व्यंकटअण्णा. त्यांचे माग केव्हाच विकले गेले. आता त्यांना ई-रिक्षा घ्यायची होती, आणि सरांच्या व्हिडिओनुसार या एका नाण्यात ती सहज येणार होती. अडचण त्यांच्या बायकोची, अंबक्कांची. त्यांच्या मते ती लक्ष्मी होती. अण्णांच्या आजोबांनी ती पाँडिचेरीच्या कापडगिरणीतून आणली, आणि तेव्हापासून ती देवघरात होती.

“मग आता?” मी ओरडून विचारलं.

“तुमच्यावर सोडलंय मॅडम. तुमी लक्ष्मी म्हनला तर ऱ्हायली. बाहेरची बाई निघाली तर विकायची. दोघांनी शब्द दिलाय.”

म्हणजे न्यायाधीशही मी आणि गिऱ्हाईकही मीच. ‘लक्ष्मी नाही’ एवढं म्हणायचा अवकाश, नाणं माझ्या पिशवीत. असा खटला कुणाही न्यायाधीशाला आवडेल.

आम्ही दारात पोचलो तेव्हा अंबक्का मोरीपाशी बसून काहीतरी घासत होत्या. चिंच आणि राख. बोटांमध्ये माझं पियास्त्र आरशासारखं चमकत होतं.

“अहो, हे काय करताय?”

“शुक्रवार हाय की,” त्या म्हणाल्या. “दर शुक्रवारी लक्ष्मीची आंघोळ.”

फोटो गुरुवारी काढलेला होता. मी जिला शंभर वर्षांची झाक म्हणत होते ते आठवडाभराचं हळद-कुंकू आणि निरांजनाची काजळी होती. फोटो भिंगाने पाहून मी तिचं आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर कौतुकही केलं होतं, आणि ‘अस्सल’ म्हणून चौघांनी दुजोरा दिला होता.

आधी जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पुंडीपाला (आपली अंबाडी, त्यांच्या हातची जास्त आंबट आणि झणझणीत). मी दोनदा घेतली. न्याय उपाशीपोटी करू नये, असं अण्णांचंही मत पडलं.

मग मी हातमोजे घातले. सरांनी मोबाइल रोखला. मी लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. फरशीवर हलकेच वाजवलं, चांदीचा लांब, स्वच्छ आवाज आला. मग काट्यावर ठेवलं. आकडा सव्वीसच्या किंचित पुढे थांबला.

“कमी भरलं,” सर म्हणाले आणि त्यांनी मोबाइल खाली घेतला. “सत्तावीसच्या वर पायजे. डुप्लिकेट हाय अण्णा. मला पयल्यापासून शंका होती.”

पहिल्यापासून त्यांनी त्याला ‘फ्रान्सची राणी, किंमत लाखोंत’ म्हटलं होतं. अण्णांचा चेहरा पडला. लक्ष्मीच्या वजनाशी अंबक्कांना काही देणंघेणं नव्हतं.

मी भिंग लावलं. नकली नाण्यावर अक्षरं कुठे जाड, कुठे बुजलेली असतात. इथे सगळी अक्षरं सारखी झिजलेली. बाईचं नाक गेलेलं, गुडघे गुळगुळीत, कडेच्या रेघा बोटांना लागतील न लागतील इतक्याच. हे सासू, सुना आणि चिंचेचं काम होतं.

“अस्सल आहे,” मी म्हणाले. “कमी पडलेली चांदी तुमच्या मोरीतून गेली. तीन पिढ्या घासताय.”

“बघ,” अण्णा बायकोला म्हणाले. “रोज सांगतो, एवढं घासू नको.”

“रोज कुटं? शुक्रवारी.”

“आता लक्ष्मी का कोन, ते सांगा,” सर म्हणाले. मोबाइल पुन्हा वर आला होता.

खोटं बोलायला काही हरकत नव्हती, पण मला सवय नाही. “लक्ष्मी नाही. ही फ्रान्सच्या प्रजासत्ताकाची मूर्ती आहे. राणीही नाही, राणी वगैरे काढून टाकल्यावरच फ्रेंचांनी हिला बसवलं. थोडक्यात, फ्रान्सचं सरकार.”

अण्णांनी मांडीवर हात मारला. “सरकार. ऐकलं का? एवढी वर्सं आपन सरकारला हळद-कुंकू वाहतोय.”

“मग काय झालं?” अंबक्का म्हणाल्या. “मी बी भिवंडीची. बाहेरूनच आले की या घरात. मला काडून टाकता का?”

पण शब्द तो शब्द. अण्णांनी मला किंमत विचारली. मी खरं तेच सांगितलं: इतकं झिजलेलं नाणं दुकानदार फक्त चांदीच्या भावाने घेईल. पण २७.२१५ लिहिलेलं नाणं ज्याच्याकडे नाही, तो दुप्पट देईल, आणि तो माणूस मीच. आकडा सांगितला. सरांनी मोबाइल कायमचा खिशात टाकला.

अंबक्कांनी नाणं पदराला पुसलं. “नेऊन काय करनार तुमी?”

“प्लास्टिकच्या पाकिटात घालीन. पाकीट अल्बममध्ये. अल्बम कपाटात.”

“कुलूप?”

“हो.”

“काडता कदी?”

“वर्षातून एकदा. हातमोजे घालून. उघड्या हाताने शिवायचं नाही, घासायचं नाही, तोंडाची वाफ लागू द्यायची नाही. बघायचं आणि ठेवायचं.”

“घरातल्या कुनाला हात लावू देता?”

“नाही.”

अंबक्कांनी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “आवं, यांच्याकडं सोवळं आपल्याहून लई कडक हाय की.”

सर हसले, अण्णाही हसले. मी हातमोजे काढले.

अण्णांनी हिशोब तोंडीच केला. “मॅडमनी वाईट भाव न्हाय दिला. पन त्यात रिक्षाचं एक चाक येईल. एका चाकासाटी हिच्यासंगं जन्माचं भांडन कोन घेईल? न्हाय द्यायची.”

“शब्द दिला होता तुम्ही,” मी म्हणाले. मला ते नाणं हवंच होतं. लपवण्यात अर्थ नव्हता.

“दिलता. लाखाच्या हिशोबानं दिलता.”

हा युक्तिवाद कुठल्याही न्यायालयात टिकेल. अंबक्कांनी नाणं देवघरात तांदळावर ठेवलं, वर हळद-कुंकू वाहिलं आणि मला गूळ-फुटाणे दिले. मी चिंच बंद करायला सांगितलं, साध्या पाण्याने धुवा म्हटलं. “बगते,” त्या म्हणाल्या. म्हणजे नाही.

दुपारच्या एस.टी.ने परत निघाले. गाडीत गरम वाऱ्याने डोळे उघडेनात, म्हणून मिटून बसले आणि माझ्या कपाटातल्या अल्बमचा विचार केला. त्यातली दोनशेच्या वर नाणी कधीतरी बाजारात खणखणली असतील, कुणाच्या तरी कमरेला खोचली गेली असतील. माझ्याकडे आल्यापासून त्यांचं एकच काम, खराब न होणं. ते काम ती चोख करतात. अंबक्कांकडची लक्ष्मी दर शुक्रवारी थोडी थोडी संपते आहे, आणि तरी त्या घराला तितकीच हवी आहे. मला हे पटलं असं नाही. आजही ते नाणं मिळालं तर मी कुलपातच ठेवीन.

घरी आल्यावर नोंदवही काढली. आमच्याकडे प्रत्येक नाण्यापुढे ‘अवस्था’ असा रकाना असतो, आणि त्यात भरायचे शब्द ठरलेले: अप्रतिम, उत्तम, बरी, झिजलेली. ‘जड पियास्त्र, सोलापूर, प्रत्यक्ष पाहिलं’ इथपर्यंत लिहिलं आणि त्या रकान्यापाशी पेन थांबलं. ‘झिजलेली’ लिहिणं नियमाप्रमाणे बरोबर होतं. मी लिहिलं, ‘वापरात’.