लेकीच्या घराबाहेरचं जेवण

चिंचणीच्या पुंडलिकांनी लेकीला छळायचं ठरवलं असतं, तरी त्यांना ते इतकं छान जमलं नसतं. माणूस मुळात गरीब स्वभावाचा. वाडीतले चिकू उतरवताना शेंड्याची चार फळं वटवाघळांसाठी ठेवणारा, शेजाऱ्याची गाय कुंपण मोडून आत आली तर हाकलायच्या आधी तिला पाणी दाखवणारा. पण एका गोष्टीत मात्र दगड! लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत त्यांच्या बापाने पाळली होती, म्हणून तेही पाळत होते. त्यांची बायको मंदा हिने ती पहिल्याच वर्षी मोडली. आमटीत मीठ बघते म्हणाली आणि उभ्या उभ्या वाटी संपवली. पुंडलिकांनी नाही मोडली.

लेक जागृती लग्न होऊन गोरेगावला राहायला गेली. पुंडलिकांच्या साखरेच्या आजाराने डोळ्यांवर हात टाकला, तेव्हापासून दर महिन्याला त्यांना अंधेरीच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागे. बोईसरहून सकाळची गाडी, मग जागृतीबरोबर दवाखाना, मग दुपारी लेकीकडे आराम. सोबत कापडी पिशवी असे. तिच्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि घरच्या विहिरीच्या पाण्याची भलीमोठी बाटली. ताटलीसुद्धा घरची. लेकीच्या सोफ्यावर, लेकीच्या पंख्याखाली बसून ते स्वतःची भाकरी मोडत. समोर जावई मेहुल वरणभात घेऊन बसलेला असे आणि बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"बाबा, निदान गरम आमटी तरी घ्या," जागृती म्हणे.

"रीत ती रीत," पुंडलिक म्हणत आणि वर हसत. ते हसणं तर तिच्या डोक्यातच जाई.

तिच्या चिडण्याला कारण होतं. जागृती आणि मेहुल यांना मूल होणार नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, नवस झाले, आणि गेल्या वर्षी दोघांनी ठरवलं की आता पुरे. तिने हे फक्त आईला सांगितलं होतं. बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती. म्हणजे हिशोब साधा होता. मूल नाही, तर बाबा तिच्या हातचं कधीच जेवणार नाहीत. तिने त्यांच्या पुढ्यात ताट ठेवण्याआधीच ते एक दिवस जातील. या विचाराने तिला रडू यायचं, आणि रडू आलं की राग यायचा.

एकदा पुंडलिक भाकरीची पिशवी बोईसर स्टेशनच्या बाकावर विसरून आले. इंजेक्शन झालं, एका डोळ्यावर पट्टी, पोटात काही नाही, हात थरथरायला लागले. जागृती घाबरली. दवाखान्यासमोर एक चिनी हॉटेल होतं, तिथे तिने त्यांना जवळजवळ ओढत नेलं आणि वेटरला म्हणाली, सगळ्यात आधी जे तयार असेल ते आण. त्याने वेळूच्या छोट्या टोपल्या आणून ठेवल्या आणि झाकणं काढली. आत वाफाळलेले, पातळ पारीचे डिमसम.

पुंडलिक "अगं, हे तर मोदक!" म्हणाले असतील असं कुणाला वाटत असेल, तर त्याने पुंडलिकांना ओळखलं नाही. त्यांनी आधी टोपली उचलली आणि उघड्या डोळ्याजवळ धरून तिची वीण पाहिली. मग एक तोंडात टाकला.

"कोळंबी हाय. ताजी हाय," ते म्हणाले, आणि दुसरा उचलला. काड्या त्यांनी बाजूला सारल्या. बघता बघता टोपली रिकामी झाली, मग दुसरी झाली. तोंड पुसून म्हणाले, "पुढल्या महिन्यात पण इथंच येऊ."

जागृतीला आधी बरं वाटलं. मग रिक्षात बसल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, ते करणारा कोण, कुठला, तुमाला ठाऊक नाय. त्याच्या हातचं चालतं, आणि माझ्या हातचं नाय?"

"हॉटेल काय कुणाचं घर हाय?" पुंडलिक शांतपणे म्हणाले. कपाळ!

तेव्हापासून दर महिन्याला डिमसम. भाकरी सुटली, पाण्याची बाटली मात्र राहिली. गावाकडे तर हा माणूस जाणकार होऊन बसला. बोईसर नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याला त्यांनी भर गिऱ्हाइकांत सुनावलं, "भय्या, ये उकडने का रहता है, तलने का नहीं!" हे कळल्यावर जागृतीने डोक्याला हात लावला.

आणि तरीही तिने मोबाईलवर बघून घरी डिमसम करायला घेतले. का, ते तिलाच विचारा. पारी कधी जाड व्हायची, कधी फाटायची. फुटलेले मेहुल निमूट खायचा, बरे जमलेले फ्रीजरमध्ये जायचे. ते कोण खाणार, हे दोघांपैकी कुणी बोलत नसे.

मग एका महिन्यात हॉटेलच बंद. दुरुस्तीचं काम चालू, शटर खाली. शेजारच्या दुकानातून काही आणते म्हटलं तर पुंडलिक म्हणाले, नको, घरी चल, मला झोप येते. घरी आले, सोफ्यावर बसले, आणि पुन्हा हात थरथरू लागले. त्यांनी खिशातून साखरेची पुडी काढली, चिमूट जिभेवर ठेवली आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. जागृती बघत होती. तिचा बांध फुटला.

"बाबा, आमाला मूल होणार नाय! कधीच नाय. आता काय करणार तुमी? साखर चाटत बसणार?"

पुंडलिकांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला. तुझ्या आयशीच्या पोटात काय राहतं?"

"ठाऊक हाय? मग जेवत का नाय?"

"मी ताटावर बसलो असतो तर तुला वाटलं असतं, बापानं पण आशा सोडली." त्यांनी पट्टीखालून ओघळलेलं पाणी पुसलं. "तू सोडल्याबिगर मी कशी सोडू?"

"सोडली मी! वर्ष झालं सोडून. तुमीपण सोडा आता, आणि जेवा."

"काय हाय करून?" पुंडलिकांनी विचारलं.

तिने फ्रीजर उघडला. घाईघाईत वाफवले, झाकण काढलं तर निम्मे फुटलेले, कोळंबी एकीकडे, पारी एकीकडे. तिने तसंच ताटलीत ओतलं आणि पुढ्यात आदळलं. पुंडलिकांनी चमचा घेतला.

"हॉटेलातले फुटत नाय," ते घास गिळून म्हणाले. "आणि मीठ कमी हाय."

इतकी वर्षं वाट बघून हे ऐकायचं होतं! जागृती पाय आपटत मीठ आणायला वळली. नाक ओढत होती, हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आणि पाणी पण दे गं," मागून आवाज आला.

त्यांची बाटली सोफ्याजवळ होती, अजून अर्धी भरलेली.