विल्फ ट्रॅन्टर म्हणाला, ‘हो’

हिवाळ्यात गवत गोठलं की बाकीच्या रेसकोर्सना कुलपं लागतात. आमच्या वुल्व्हरहॅम्प्टनला मात्र वाळूचा ट्रॅक. पाऊस पडो, बर्फ पडो, घोडे धावणारच. चांगल्या जातीचे घोडे तेव्हा तबेल्यात ऊब घेत असतात, आणि आमच्याकडे येतात ते उरलेसुरले. म्हातारे, पायाचं दुखणं झालेले, तीन-तीन मालकांनी विकून टाकलेले. दर आठवड्याला तेच. विल्फ ट्रॅन्टर त्यांना गल्लीतल्या माणसांसारखा ओळखायचा.

तो संध्याकाळच्या पेपरात रेसचं भाकीत लिहायचा. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवसाचं रेसकार्ड, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांची यादी, पसरायचा, बेकनचा सँडविच खात सगळ्या रेस वाचून काढायचा आणि मग फोनवरून पेपरला मजकूर सांगायचा. कुठल्या घोड्याला तोंडावर वाळू उडालेली सोसत नाही, म्हणजे तो पुढे पळाला तरच जिंकणार. कुठला जॉकी वळणावर घाबरून बाहेर जातो. कुठला ट्रेनर घोड्याला चार वेळा मुद्दाम हरवून पाचव्यांदा जिंकायला सोडतो. हे सगळं त्याच्या डोक्यात. दिवसाला दोन-तीन घोडे त्याचे लागायचेच. लोक त्याला मानायचे. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

मी त्यांची शेजारीण, डोरा. नवरा गेल्यापासून माझे निम्मे दिवस विल्फच्या बायकोच्या, बेरिलच्या स्वयंपाकघरात जायचे. त्यामुळे मी जे सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

विल्फच्या भाकिताच्या शेवटी दर शनिवारी एक ओळ असायची, ‘बायकोचा घोडा’. म्हणजे जो हमखास हरणार तो. एकदा त्याने लिहिलं होतं: “बायकोचा घोडा आज तिसऱ्या रेसमधली ती जाडी तांबडी घोडी. मागून रुंद, वळणावर धापा, आणि घरी पोहोचेपर्यंत जेवण गार.” अख्खं गाव हसलं. खाटकाच्या दुकानात बेरिल शिरली की खाटीक सुरा परजत विचारायचा, “काय बेरिल, आज कुठल्या घोड्याला मारलंस?” तिची आई गेली त्या आठवड्यातही ती ओळ चुकली नाही.

“विल्फ, मी आयुष्यात एकही घोडा निवडलेला नाही,” ती एकदा माझ्यासमोर म्हणाली.

“अगं, तीच तर गंमत आहे,” तो म्हणाला. “तुला काय कळतंय त्यातलं? चहा ठेव.”

तिने चहा ठेवला.

सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात रेसकोर्सवरच, कठड्याला टेकलेला असताना, त्याला झटका आला. वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, ‘हो’. डॉक्टरांनी बेरिलला समजावलं, “त्यांना सगळं कळतं. डोकं शाबूत आहे. फक्त बाहेर पडताना तेवढा एकच शब्द पडतो. मनात ‘नाही’ असलं तरी तोंडातून ‘हो’च येणार.”

पेपरच्या खेळाच्या पानाचा संपादक ड्यूहर्स्ट, त्याने फोन केला. “मिसेस ट्रॅन्टर, विल्फचं डोकं चालतंय ना? मग त्यांनी घोडे दाखवावेत, तुम्ही फोनवर सांगा. वाचकांना विल्फच पाहिजे.”

तसं सुरू झालं. सकाळी बेरिल त्याची चाकाची खुर्ची टेबलाला लावायची आणि कार्ड पसरायची. विल्फ डावं बोट फिरवत फिरवत एका नावावर आणायचा. मग रेस सुटताना तो घोडा ज्या खणात उभा राहणार तो त्याच बोटाने दाखवायचा, आतल्या बाजूचा असला की दोनदा ठोकायचा. बेरिलला आपोआप समजायला लागलं. ती दिवाणखान्याच्या दारातल्या फोनवर जाऊन त्याचंच सांगायची, जसंच्या तसं. घोडे लागत होते. लोक म्हणायचे, विल्फ तो विल्फच.

पण त्याचा स्वभावही शाबूत होता. ती चुकीच्या ओळीवर गेली की त्याची मूठ टेबलावर आपटायची. “हो! हो! हो!” नाताळच्या आधी एका सकाळी तिने एका नावाऐवजी दुसरं वाचलं. विल्फने समोरचा कप उचलला आणि चहा तिच्या अंगावर फेकला. नुकता ओतलेला, वाफाळता. तिचं मनगट लालभडक झालं. मी धावले, नळाखाली हात धरला.

“सोड डोरा,” ती म्हणाली. “पेपरवाले थांबलेत.”

मनगटाला ओलं फडकं गुंडाळून ती फोनपाशी गेली. दार उघडंच होतं. विल्फने पहिल्या रेसला एक चपळ करडी घोडी दाखवली होती. बेरिल फोनवर म्हणाली, “पहिली रेस. सात नंबर. तो बाहेरच्या खणातला थोराड घोडा.”

विल्फची मान झटक्याने वळली.

“दुसरी रेस,” बेरिलने कार्डावर नजर फिरवली आणि विल्फने ज्याच्या नावावरून बोट तुच्छतेने सरकवलं होतं तेच नाव सांगितलं. तिसऱ्यालाही तसंच.

“हो!” विल्फ ओरडला. “हो! हो!” खुर्ची हलायला लागली.

फोनवरचा माणूस काहीतरी बोलला असावा. बेरिल हसली. “हो ना, तेच ओरडतायत. आज त्यांना अगदी खात्री आहे.”

मी फरशीवर सांडलेला चहा पुसायला घेतला.

त्या दिवशी तिने सांगितलेले सातही घोडे हरले. दुसऱ्या दिवशीही. रोज सकाळी विल्फ बोट ठेवायचा आणि ती त्याच्याच समोर भलतंच सांगायची, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. त्याने बोट ठेवायचं थांबवलं असतं तर? पण ते त्याला जमेना. कार्ड समोर आलं की त्याचे डोळे धावायलाच लागायचे. आणि शनिवारी बेरिल त्याला स्वच्छ दाढी करून, टाय बांधून कोपऱ्यावरच्या पबमध्ये न्यायची, पूर्वी तो तिला कधी न्यायचा नाही तिथे. स्वतः पोर्ट वाइनचा ग्लास घेऊन भिंतीशी बसायची.

पबमधली माणसं आधी बिचकली. मग सिड हॅकेट म्हणून एक ट्रकवाला होता, तो खुर्चीसमोर उकिडवा बसला.

“काय रे विल्फ, मंगळवारी तू सांगितलेला तो घोडा अजून धावतोय म्हणे?”

“हो,” विल्फ म्हणाला.

हशा पिकला. सिडला खेळ सापडला.

“तुझं डोकं सडलंय का, म्हाताऱ्या?”

“हो.”

“आमच्या सगळ्यांना बिअर पाजणार?”

“हो.”

“आणि बेरिलला रात्री जमतं का तुझ्याकडून काही?”

विल्फने दात आवळले. पण काहीतरी बोलायचंच होतं त्याला, आणि बोलायला दुसरं होतं काय? “हो,” तो म्हणाला. लोक टेबलं बडवत हसले. भिंतीशी बेरिल शांतपणे डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे खात होती.

परतताना मी तिला म्हटलं, “बेरिल, पुरे कर गं आता.”

“का? मी काय केलं? त्यांचं तेच हसतायत.”

“त्याला सगळं कळतंय.”

“कळायलाच पाहिजे,” ती म्हणाली. “नाहीतर काय उपयोग?”

जानेवारीतल्या एका शनिवारी आमच्या वाळूवर हिवाळ्यातली मोठी रेस होती. विल्फ त्या सकाळी इतर रेसकडे वळलाच नाही. बोट सरळ एका काळ्या घोडीवर ठेवलं आणि उचलेना. ती घोडी त्याने गेल्या हिवाळ्यात हेरलेली, बेरिलला तेव्हापासून तिचं नाव ऐकून पाठ होतं. त्याने बेरिलकडे पाहिलं. मी त्या माणसाला कधी विनवताना पाहिलं नव्हतं. तेवढं एकदा पाहिलं.

बेरिल फोनपाशी गेली आणि म्हणाली, “मोठी रेस. बारा नंबर. ओल्ड टिंकर.”

ओल्ड टिंकर अकरा वर्षांचा. दोन हिवाळ्यांत एकदाही जिंकलेला नाही. भाव एकाला पन्नास.

दुपारी पबच्या टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी ती रेस पाहिली. काळी घोडी पुढे होती. शेवटच्या वळणावर तिच्या मागचे दोघे एकमेकांना धडकले, घोळका विस्कटला, आणि मोकळ्या झालेल्या कडेने तो म्हातारा घोडा, जीभ बाहेर काढून, धापा टाकत आला. काळ्या घोडीला त्याने मानेच्या लांबीने हरवलं.

पब दणाणून गेला. विल्फची कीव येऊन, किंवा थट्टेने म्हणा, अर्ध्या लोकांनी ओल्ड टिंकरवर चिल्लर लावलेली. सिड हॅकेटने विल्फच्या टकलाचा मुका घेतला. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून डोक्यावर घेतलं.

“तुला कळलं होतं, थेरड्या! आम्ही हसलो तुला! तुला कळलं होतं ना?”

“हो,” विल्फ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “हो. हो.”

“आनंदाने रडतोय बिचारा,” पबवाली डोळे पुसत म्हणाली.

बेरिलने ग्लास संपवला आणि कोट घातला.

सोमवारी पेपरात त्याचा फोटो आला, आत्तापर्यंतचं सर्वांत मोठं भाकीत म्हणून. बेरिलने तो त्याच्यासमोर धरला आणि सगळं वाचून दाखवलं. मग कार्ड पसरलं. विल्फचा हात मांडीवरच राहिला. तिने तो उचलला, बोट सरळ केलं आणि कार्डावर ठेवलं. त्याने डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून तो ‘हो’सुद्धा म्हणाला नाही. कुणीही विचारलं तरी नाही.

मग तिची पंचाईत झाली. विल्फ ज्याला नको म्हणेल तोच घोडा सांगायचा, एवढंच तिला येत होतं. आता तो काहीच म्हणेना. कार्डासमोर ती तासभर बसायची, कुठला चांगला नि कुठला वाईट काही समजायचं नाही. डोळे झाकून सांगायची. कधी लागायचा, बहुतेक नाही. मार्चमध्ये ड्यूहर्स्टने गोड बोलून भाकीत बंद केलं.

“बरं झालं,” मी म्हटलं.

“बरं काय त्यात?” ती चिडली. “मला आता कुठे सवय होत होती.”

विल्फ पुढे चार वर्षं जगला. तिने त्याला एकदाही उपाशी ठेवलं नाही, अंथरूण ओलं ठेवलं नाही. आणि रेस असली की त्याला चाकाच्या खुर्चीतून ट्रॅकवर न्यायची, थंडी असो की झोंबरा वारा. गावात तिचं नाव झालं. खाटीक आता टोपी काढायचा. “नवऱ्याची किती हौस पुरवते,” बायका म्हणायच्या. “अशी बायको मिळायला नशीब लागतं.”

एकदा मीही गेले त्यांच्याबरोबर. तिने खुर्ची अगदी कठड्याला लावली, ब्रेक लावला, त्याच्या गुडघ्यांवर पांघरूण खोचलं. समोरून घोडे गेले, इतके जवळून की वाळू आमच्या तोंडावर उडाली. विल्फने मान फिरवून तोंड दुसरीकडे केलं. बेरिलने दोन बोटांनी, अगदी हळुवार, त्याची हनुवटी धरली आणि तोंड परत ट्रॅककडे वळवलं.

“बघ,” ती म्हणाली.

मग तिने रुमालाने त्याच्या डोळ्यातला वाळूचा कण काढला, आणि पुढची रेस लागेपर्यंत आम्ही दोघी तिने डब्यातून आणलेले सँडविच खात बसलो.