दुसऱ्या पातळीचं एक पान

गुन्वोर प्रत्येक गोष्टीवर तारीख घालायची. आधी साल, मग महिना, मग दिवस. जामच्या बरणीवरसुद्धा. थर्मासवर कागदाची पट्टी चिकटवायची. कारखान्यात नवीन रबर आलं की हात लावण्याआधी त्याचा वास घ्यायची. 'नेहमी' हा शब्द लिहायची नाही. तो पाळता येत नाही, म्हणायची. तिच्या वेलचीच्या पावाच्या कृतीवर 'आवृत्ती सहा' असं लिहिलेलं होतं, आणि कुणी पाचवी मागितली तर ती द्यायची नाही. सायकल लावून चार पावलं गेली की मागे वळून कुलूप बघायची. दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडायची नाही, पण ते संपल्यावर विचारायची, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

ती गेली त्याला अजून पुरता एक दिवसही झालेला नाही. क्रियापदं भूतकाळात लिहिताना हात अडतो.

आमची ओळख धुलाईच्या खोलीत झाली. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक खोली आहे आणि तिच्या भिंतीवर चिठ्ठ्या लागतात. बहुतेक रागाच्या. ड्रायरच्या गाळणीतला कचरा काढायला तुमची आई येणार आहे का, अशा. मी लुंडच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन गावी परतले होते. नोकरी नव्हती. एका सकाळी मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकच लावली. गाळणी बाहेर ओढा. कचरा बोटाने काढा. टिक आवाज येईपर्यंत गाळणी आत ढकला.

काही दिवसांनी तळमजल्यावरची गुन्वोर त्या चिठ्ठीपुढे उभी होती, हातात ओल्या चादरी.

"हे तू लिहिलंस?"

हो म्हटलं.

"लिहिताना रागावली होतीस?"

"खूप."

"दिसत नाही. म्हणजे विद्यापीठात फार बिघडली नाहीस." चादरी ड्रायरमध्ये कोंबत ती म्हणाली, "सोमवारी कारखान्यात ये."

कारखाना तळ्याकाठी आहे. दूध काढायच्या यंत्रात गाईच्या सडावर बसते ती रबराची नळी तिथे होते. गुणवत्तेचं काम गुन्वोरकडे होतं, म्हणजे कागद तिच्याकडे होते. पहिल्या दिवशी तिने मला कागदांच्या चार पातळ्या सांगितल्या आणि उदाहरण धुलाईच्या खोलीचंच दिलं. इमारतीच्या दारावर लिहिलंय की इथे आपण शेजाऱ्यांचा विचार करतो, ती पहिली पातळी. कोणाची धुलाई कधी, हे ठरवायचा फळा ही दुसरी. तुझी चिठ्ठी तिसरी, ती हातांना सांगते. आणि फळ्यावर आपल्या वेळेपुढे ज्याने त्याने आपापलं छोटं कुलूप अडकवलेलं असतं, ती चौथी, पुरावा.

"आणि रागाच्या चिठ्ठ्या?" मी विचारलं.

"तिसरी पातळी नसली की त्या येतात."

गुणवत्तेच्या नव्या मानकात जाड पुस्तिकेची सक्ती राहिली नव्हती. मालक होकन खूश होता, त्याला सगळंच बाहेर टाकायचं होतं. गुन्वोरने खरोखरच बरंचसं टाकलं. पातळ्या मात्र ठेवल्या. एक गोष्ट एकाच पातळीवर लिहायची, हा तिचा नियम होता. दोन ठिकाणी लिहिली तर एक दिवस त्या दोन गोष्टी होतील. मी तिसऱ्या पातळीची पानं लिहायला लागले. रबर साच्यात दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसजवळ एक पान, तेवढंच.

मार्चमध्ये ऑडिटर आली. मोठ्या प्रेसवरच्या पानावर रबर साच्यात किती शिजवायचं ते लिहिलं होतं, आणि प्रेसच्या पडद्यावर त्याहून जास्त वेळ दिसत होता. तिने विचारलं, हा कुणी बदलला? प्रेसवरच्या शेलने सांगितलं, आम्ही सगळ्यांनी. केव्हा? हिवाळ्यात, कॉफीला. त्याची काही नोंद? शेलने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याचे कपडे तपासायला मागितले.

तो खोटं बोलत नव्हता. इथे सगळं सकाळच्या कॉफीच्या सुट्टीतच ठरतं. शेल म्हणाला होता की गोदामातून रबर थंडगार येतंय, थोडा वेळ वाढवू या. सगळे आपापल्या कपात बघत 'हम्' म्हणाले होते. होकनसुद्धा होता. मग कप धुतले गेले आणि वेळ वाढली. माल उत्तम होता. तरी ऑडिटरने गंभीर त्रुटी लिहिली. सप्टेंबरमध्ये परत येते, म्हणाली. तोपर्यंत बदल कसे होतात हे दाखवता आलं नाही, तर गुणवत्तेचं प्रमाणपत्र जाईल. प्रमाणपत्राशिवाय दुधाच्या यंत्रांची कंपनी आमच्याकडून नळी घेत नाही, आणि तिच्याशिवाय आम्हाला दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही.

होकनला सल्लागाराकडून तयार फायली आणायच्या होत्या. गुन्वोर म्हणाली, कपाट भरेल, बाकी काही होणार नाही. तिला एकच पान हवं होतं, दुसऱ्या पातळीचं. कॉफीला जे बोललं जातं ती सूचना. प्रेसजवळच्या पानावर बदल लिहून सही झाली की तो निर्णय. तिने ते कॉफीलाच वाचून दाखवलं. कुणी 'हम्' म्हटलं नाही.

"इतकी वर्षं माझी मान हलली की पुरे व्हायचं," शेल म्हणाला. "आता मान हलली याची सही हवी? उद्या शिंकलो तर?"

"शिंकेला तारीख घाल," गुन्वोर म्हणाली.

लोक हसले. शेल हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कप घेऊन प्रेसजवळ एकटा बसायला लागला. आमच्याकडे माणूस भांडत नाही, तो कॉफीला येत नाही. बाकीचे टेबलावर यायचे, पण पानाचा विषय निघाला की हवामानावर बोलायचे. शेलशिवाय ते पान चालणार नव्हतं, कारण प्रेसवर सगळे त्याच्याकडे बघूनच हात हलवतात. मे गेला, जून आला. होकन रोज विचारायचा, झालं का. गुन्वोर म्हणायची, नाही.

मग एका सकाळी ती आपला कप घेऊन शेलच्या शेजारी उलट्या खोक्यावर बसली. मी पलीकडे साच्यांची पानं बदलत होते. दोघांनी अर्धा कप संपवला. मग तिने विचारलं, उन्हाळ्यात तू वेळ कमी करतोस ना? शेल म्हणाला, केलीच, मे महिन्यात. जास्त शिजलेलं रबर लवकर चिरतं, एवढं कुणालाही कळतं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"कॉफीला होते त्या सगळ्यांना."

"कॉफीला कोण नव्हतं?"

शेलने विचार केला. कप खाली ठेवला.

संध्याकाळच्या पाळीला मोठा प्रेस होदान चालवते. ती दुपारी येते. सकाळची कॉफी तिने कधी पाहिलेलीच नाही. पाळी सुरू करताना प्रेसची वेळ जो तो आपली आपण लावतो. त्या दिवशी शेल पाळी संपल्यावर घरी गेला नाही, तिची वाट बघत थांबला. तिने कोट अडकवला, प्रेसपाशी गेली आणि सवयीने वेळ वाढवली. हिवाळ्याची वेळ. शेल म्हणाला, आम्ही तर मे महिन्यातच कमी केली, तू का वाढवतेस?

"जानेवारीत वाढवली होती ना तुम्ही? मला ते मार्चमध्ये कळलं, ऑडिटर आली तेव्हा," होदान म्हणाली. "तुमच्याकडचा उन्हाळा माझ्यापर्यंत यायला अजून अवकाश असेल."

शेलने तिच्या पाळीच्या नळ्या उचलल्या आणि एकेक बोटांनी ताणून पाहिली. प्रयोगशाळेने त्या मोजल्या. मर्यादेत होत्या, पण अगदी काठावर. आणखी दोन दिवस तो कप घेऊन प्रेसजवळच बसला. तिसऱ्या दिवशी टेबलावर येऊन बसला आणि गुन्वोरला म्हणाला, तुझ्या पानात एक ओळ कमी आहे. संध्याकाळच्या पाळीने ऐकल्याशिवाय बदल झाला असं धरायचं नाही.

"लिही," गुन्वोर म्हणाली.

"तुझी ती लिहिणारी पोरगी आहे की."

"तूच लिही."

त्याने लिहिलं. मी फक्त एक स्वल्पविराम घातला.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पान तयार झालं. शेलची सही झाली, होकनची झाली. खाली मंजुरीची चौकट राहिली, ती गुन्वोरची. मी पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही. हाही बदलच आहे, म्हणाली, आणि संध्याकाळच्या पाळीने तो अजून ऐकलेला नाही. होदान रजेवर होती, सोमवारी येणार होती. म्हणाली, सोमवारी संध्याकाळी मीच थर्मास घेऊन जाते, वेलचीचे पाव नेते, त्यांच्याबरोबर बसून वाचून दाखवते आणि मग सही करते. शुक्रवारी निघताना तिने थर्मास धुऊन आपल्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि त्यावर सोमवारच्या तारखेची पट्टी लावली.

रविवारी ती लिंगोनची लाल, आंबट फळं वेचायला जंगलात गेली. संध्याकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला ती एका खडकाला टेकून बसलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, हृदय. बादली अर्धी भरली होती.

सोमवारी कॉफीला सगळे आले. होकनने तिच्या रिकाम्या जागेपुढे मेणबत्ती लावली. मग तो म्हणाला की ऑडिटर बुधवारी येते आहे, तिला फोन केला होता, तिला फार वाईट वाटलं, पण तारीख पुढे जात नाही. गुन्वोरला पान मान्यच होतं, तिनेच तर ते आणलं होतं. तर ते मंजूर झालं असं आपण धरू या. आणि चौकटीत तूवाने सही करावी.

तूवा म्हणजे मी. सगळ्यांनी कपात बघितलं. 'हम्' म्हणाले.

शेल 'हम्' म्हणाला नाही.

"होदानने अजून ऐकलेलं नाही," तो म्हणाला.

शेलने आपला कप धुतला आणि प्रेसकडे गेला.

मी गुन्वोरच्या खोलीत आले. पान टेबलावर आहे. दोन सह्या आहेत, खालची चौकट मोकळी आहे. शेजारी थर्मास आहे, आजच्या तारखेची पट्टी लावलेला, कोरडा, झाकण काढून उलटा ठेवलेला. होदान दुपारी येईल.