जबड्याची पट्टी आणि एक चांगला पाय

माझं डोकं फुटलेलं नव्हतं, जबडा निखळलेला नव्हता आणि डावा पायही मोडलेला नव्हता. तरीही एका रविवारी सकाळी वारज्याच्या आमच्या सोसायटीतल्या चार माणसांनी मला खुर्चीत बसवून जिना उतरवायला घेतलं.

त्या काळात जगभरच्या कॉम्प्युटरना सन दोन हजारची धास्ती होती आणि ती घालवण्यासाठी मी रोज स्कूटरवरून हडपसरला जात असे. घरी मात्र धास्ती वेगळीच होती. माझी मेहुणी वर्षा अमरावतीहून नर्सिंग शिकायला पुण्यात आली होती आणि आमच्याकडेच राहत होती. अभ्यासात हुशार, हात चपळ. पण परीक्षक समोर उभे राहिले की तिचा आवाज जायचा. पहिल्या प्रॅक्टिकलला तिने पट्टी सुरेख बांधली, पण पेशंटशी एक अक्षर बोलली नाही. ट्यूटर सिस्टर म्हणाल्या, "हा माणूस आहे, पार्सल नाही." आणि नापास केलं.

सोमवारी फेरपरीक्षा होती. यावेळीही गेली तर वर्ष वाया, आणि तिचे वडील तिला परत घेऊन जाणार हे ठरलेलं. ते पहिल्यापासूनच म्हणत होते, एवढ्या लांब कशाला पाठवायची.

रविवारी सकाळी ती उशीला पट्टी बांधत बसली होती. उशीशीही बोलत नव्हती. मला राहवलं नाही.

"मला बांध," मी म्हणालो. "मी पेशंट होतो."

"भाऊजी, तुम्ही हालता खूप."

"नाही हलणार."

(माझी बायको नीलिमा भाजी आणायला बाहेर गेली होती. ती घरात असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे तिचं मत आहे आणि ते बरोबर आहे.)

वर्षाने आधी डाव्या घोट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधली. मग उजवा हात झोळीत अडकवला. मग डोक्याला. सगळं मुकाट्याने.

"अगं, बोल ना पेशंटशी," मी म्हणालो.

"बोलते. आधी जबड्याची बांधून घेते."

जबड्याची पट्टी हनुवटीखालून वर डोक्यापर्यंत जाते. ती घट्ट बसली आणि आमच्या दोघांमधलं संभाषण संपलं. तेवढ्यात पट्ट्या संपल्या.

"कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेऊन येते. काही सोडू नका बरं, मला आल्यावर पूर्ण तपासायचं आहे." आणि ती गेली. दार नुसतं लोटून.

लोटलेल्या दारातून सबनीसकाका आले. सबनीसकाका म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक. रविवारी ते आमचा पेपर वाचायला यायचे, कारण त्यांच्या मते आमच्या पेपरात बातम्या जास्त असत. त्यांनी मला पाहिलं आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"सांगत होतो," ते म्हणाले. "हडपसर काय स्कूटरवर जायची जागा आहे का?"

मी म्हणालो, "अँ अँ अँ." (अर्थ: काका, ही प्रॅक्टिस आहे.)

"बोलू नका. आपल्याला मी ओळखू येतोय का?"

मी जोरात मान हलवली. हो म्हणायचं होतं, पण तेवढ्या पट्ट्यांखाली मान उभी हलतेय की आडवी, ते बाहेरून कळत नसावं. काकांचा चेहरा पडला.

"ओळखत नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी अख्खा जिना गोळा केला.

मी उठून उभा राहिलो. माझ्या मते यावरून सिद्ध होत होतं की मला काही झालेलं नाही. जमलेल्यांच्या मते यावरून सिद्ध झालं की मी भ्रमात आहे. दोघांनी मला धरून खुर्चीत बसवलं. डाव्या हाताने मी डोक्यावरची गाठ सोडायला गेलो, तर वरच्या मजल्यावरच्या एका सॉफ्टवेअरवाल्या पोराने हात धरला. "अंकल, डोंट टच. आम्ही आहोत ना."

"हॉस्पिटलमधून यांना असं सोडलंच कसं?" एका बाईंनी विचारलं.

"आजकाल बेड मिळतात कुठे," दुसऱ्या म्हणाल्या, आणि मला परत न्यायचं ठरलं. रिक्षा आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. ते वरचं पोर, त्याचा एक मित्र, काका आणि सोसायटीचे सेक्रेटरी अशा चौघांनी खुर्ची उचलली.

पहिला मजला नीट उतरला. वळणावर काकांची चप्पल निसटली. खुर्ची कलली, मी स्वतःला सावरायला उजवा पाय खाली टाकला, म्हणजे चांगला पाय, आणि तो पायरीवर असा मुरगळला की माझ्या बंद जबड्यातूनही आवाज निघाला. डोकं भिंतीवर आपटलं, पण त्याला इतकी पट्टी होती की डोक्याला पत्ताही लागला नाही. काकांचं कोपर खरचटलं. त्यांनी आपलं रक्त बघितलं आणि पांढरेफटक होऊन पायरीवर बसले.

नेमकी त्याच वेळी वर्षा पट्ट्यांची पिशवी घेऊन जिना चढत होती.

सगळे एकदम बोलायला लागले. ती तिथेच थबकली. मला माझ्या पायापेक्षा तिचीच काळजी वाटली. आता हिचा आवाज जाणार. मग तिने पिशवी खाली ठेवली.

"बाजूला व्हा सगळे. हवा येऊ द्या."

सगळे भिंतीकडे सरकले.

"काका, आडवे व्हा. पाय वरच्या पायरीवर ठेवा."

"मी ठीक आहे," काका म्हणाले.

"मी विचारलं नाही, सांगितलं."

पुण्यात सबनीसकाकांना असं कुणी बोललेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. काका आडवे झाले. "बर्फ आणा. कपड्यात गुंडाळून," ती पोरांना म्हणाली आणि पोरं धावली. मग ती माझ्यापुढे बसली आणि माझ्या डोळ्यांत बघत अगदी पुस्तकातल्यासारखं म्हणाली, "मी वर्षा. मी आता तुमचा पाय बघणार आहे. दुखलं तर लगेच सांगा."

"अँ," मी म्हणालो.

तिने जीभ चावली आणि जबड्याची पट्टी सोडली.

"दुखतंय," मी म्हणालो.

पट्टी बांधताना ती सतत बोलत होती. आता घोटा उचलते, आता घट्ट वाटेल, बोटांना मुंग्या येतात का. अंगठ्याचं नख दाबून रंग परत येतो का ते तिने दोनदा पाहिलं. मला खरंच कमी दुखलं. एरवी मी इंजेक्शनला तोंड फिरवणारा माणूस, पण तिचा आवाज चालू होता तोवर मला भीती वाटली नाही.

भाजीच्या दोन पिशव्या घेऊन नीलिमा आली. तिने खुर्ची पाहिली, आडवे झालेले काका पाहिले, मला पाहिलं.

"मी फक्त भाजीला गेले होते," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पायांच्या पट्ट्या न्याहाळल्या. "छान बांधल्यात. डाव्याला काय झालं?"

"काही नाही."

"मग बांधलाय कशाला?"

"उद्या परीक्षा आहे," मी म्हणालो. डॉक्टरांनी नीलिमाकडे बघून हलक्या आवाजात विचारलं, "डोक्याला मार लागला होता का?"

हाड शाबूत होतं, पण घोटा चांगलाच सुजला होता. सोमवारी मी पाय उशीवर ठेवून घरी पडलो होतो तेव्हा वर्षा परीक्षेहून आली आणि दारातूनच म्हणाली, "पास." मग माझ्या पायाशी बसून ती थोडी रडली. "पेशंट एक आजोबा होते, भाऊजी. परीक्षक मॅडम बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, गेलं. पण आजोबाच घाबरून राहिले होते. मग मला बोलावंच लागलं ना."

आज वर्षा एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर इनचार्ज आहे आणि नव्या मुलींना शिकवते. तिच्या शिक्षणाला आमचा हातभार लागला, असं मी पाहुण्यांना अधूनमधून सांगतो. पाहुणे कौतुकाने विचारतात, "म्हणजे आपण नेमकं काय केलंत?"

मी घसा साफ करतो, पण नीलिमा आतून आधी उत्तर देते.

"ते पडले."